सहा इंचांत न मावणारी पुस्तकं

डोंबिवली पूर्वेच्या एका घरात पुस्तकांनी आधी कपाट भरलं, मग दिवाणाचं पोट, मग माळा. एका पावसाळ्यात माळ्यावरच्या गठ्ठ्यांना कसर लागलेली निघाली आणि सूनबाईंनी निकाल दिला: आता नवं पुस्तक येईल ते पडद्यावरच. दिवाळीच्या सेलमध्ये दोन ई-रीडर मागवले गेले. दोन्ही सहा इंची, दोन्ही एकाच मॉडेलचे. दुसऱ्यावर सवलत जास्त होती, निवडीमागचा विचार एवढाच.

सहा महिन्यांत त्यातला एक ड्रॉवरमध्ये गेला. तो बिघडला नव्हता, बॅटरीही उत्तम होती. खरेदीआधी घरात मेमरी किती, चार्जिंग किती दिवस टिकतं, पाण्यात पडला तर काय, यावर भरपूर खल झाला होता. या घरातली चार माणसं नेमकी कोणती पुस्तकं वाचतात आणि ती कोणत्या रूपात मिळतात, एवढा एकच प्रश्न कुणी विचारला नाही.

आजींचं उदाहरण घ्या. त्यांचं माहेर कल्याणचं. १८६४ साली सुरू झालेलं तिथलं सार्वजनिक वाचनालय हे त्यांचं लहानपणापासूनचं ठिकाण. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आजींचं वाचन मोबाइलवर आलं होतं. ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं विनामूल्य देतं, ती त्यांना मैत्रिणींकडून व्हॉट्सॲपवर येत. शिवाय इंटरनेट आर्काइव्हवरच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रती नातू उतरवून देई. हे जवळजवळ सगळं पीडीएफ. नव्या ई-रीडरवर पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा आजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, हे वाचायचं की मुंग्या मोजायच्या?”

यात दोष कुणाचाच नव्हता. भूमितीचा मामला होता. सहा इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप. प्रत्यक्षात रुंदी साधारण ३.६ आणि उंची ४.८ इंच. आपली नेहमीची डेमी आकाराची कादंबरी साडेपाच बाय साडेआठ इंचांची. तेवढं पान या पडद्यात बसवलं की बारा पॉइंटचं अक्षर सातच्या आसपास उतरतं. पीडीएफमधलं पान म्हणजे फोटोसारखं गोठलेलं पान. अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि मग प्रत्येक ओळीसाठी बोट डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. समास कापण्याची सोय काही यंत्रांत असते, तिने थोडं भागतं, पुरतं नाही. दहा इंची लांबट टॅबचा पडदा मात्र डेमी पानाएवढाच भरतो, त्यामुळे स्कॅन केलेलं पुस्तक त्यावर मूळ मापात दिसतं. हा हिशेब फूटपट्टी घेऊन पाच मिनिटांत होण्यासारखा आहे. खरेदीच्या उत्साहात कुणी फूटपट्टी काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग आजींच्या मुलाने उपाय काढला. पीडीएफचं रूपांतर करून पाठवायचं, म्हणजे अक्षरं मोठी करता येतील. इंग्रजी पुस्तकाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. मराठी फाइल रूपांतरित होऊन आली ती रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी होऊन. कारण मराठी छपाईत वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या प्रणालींतले युनिकोडपूर्व फॉन्ट वापरले गेले. डोळ्यांना दिसतं ‘क’, पण फाइलच्या पोटात असतं भलतंच चिन्ह. फॉन्ट बाजूला झाला की मजकूर उघडा पडतो. स्कॅन प्रतीत तर मजकूर नसतोच, फक्त चित्र असतं. अक्षर हवं तेवढं मोठं करायचं तर पुस्तक युनिकोडमध्ये आणि ईपबसारख्या स्वरूपात हवं.

त्यातही देवनागरीची परीक्षा घ्यावी लागते. घेण्याआधी, किंवा निदान परत करण्याची मुदत संपण्याआधी, एका फाइलीत ‘दुसऱ्या’, ‘कॅमेऱ्यात’, ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’, ‘ॲप’ एवढे शब्द लिहून ती यंत्रावर उघडावी. ‘ऱ्या’ची मोडतोड झाली, ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तर ते यंत्र इंग्रजी वाचणाऱ्याच्या कामाचं. जुन्या यंत्रांवर आणि काही फुकट वाचन-ॲपांवर हे अजूनही होतं. प्रत्येक तिसऱ्या ओळीत लंगडणारी जोडाक्षरं घेऊन तीनशे पानांची कादंबरी कुणी वाचत नाही.

वडिलांची गोष्ट उलट झाली. त्यांच्या हातातला ई-रीडर एक दिवस सुटला नाही. सकाळच्या डोंबिवली फास्ट लोकलमध्ये कोपर वर करायला जागा नसते, म्हणून ते बऱ्याच जणांसारखे उलट कल्याणला जाऊन बसायची जागा मिळवून येतात. अर्ध्या वाटेवर गर्दी अंगावर आली तरी एका हातात धरता येईल अशी ही वस्तू आहे. ॲमेझॉनच्या साध्या नव्या किंडलचं वजन १५८ ग्रॅम, तर दहाव्या पिढीच्या आयपॅडचं ४७७. ई-इंक पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. पान उलटताना ते जागा बदलतात, त्यानंतर पान तसंच धरून ठेवायला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. खिडकीतून ऊन आलं तर टॅबचा पडदा आरसा होतो, हा मात्र कागदासारखा अधिकच स्पष्ट दिसतो. आणखी एक फायदा जाहिरातीत नसतो: त्यावर ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडत नाही.

ते इंग्रजी थ्रिलर वाचतात, अधूनमधून नव्या मराठी कादंबऱ्या. किंडलच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६पासून मिळू लागली. तरी मराठी प्रकाशकांची सगळी यादी तिथे आहे असं समजू नये. पुण्याच्या बुकगंगाकडे मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण ती वाचायला त्यांचं ॲप लागतं, म्हणजे फोन किंवा टॅब. तेव्हा घरातल्या आवडत्या दहा पुस्तकांची नावं कागदावर लिहून प्रत्येक पुस्तक कुठे आणि कशात मिळतं हे शोधणं, ही खरेदीची पहिली पायरी. यंत्राचं नाव त्या यादीतूनच निघतं.

नातू सहावीत. त्याला दुसरा ई-रीडर देऊन पाहिला. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि १९७१पासूनचा तो खजिना कुठल्याही मुलाला वेड लावेल असा आहे. पण ‘किशोर’ म्हणजे रंगीत चित्रं आणि मोठं पान. काळ्या-पांढऱ्या सहा इंचांत ते अंक केविलवाणे दिसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टींचंही तेच, दिवाळी अंकांच्या पीडीएफचंही तेच. मुलासाठी रंगीत टॅबच हवा, आणि टॅब आला की खेळही येतात. पालकांच्या नियंत्रणाची सेटिंग्ज पहिल्याच दिवशी लावलेली बरी. एकदा खेळाची चटक लागल्यावर लावायला गेलं तर घरात महाभारत होतं. रात्रीचं वाचन मात्र टॅबवर नको. अमेरिकेत बारा जणांवर झालेल्या आणि २०१५च्या सुमारास गाजलेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या रात्रींपेक्षा उशिरा झोप लागली. प्रयोग लहान होता हे खरं, तरी कुठल्याही आईला तो पटेल. निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात म्हणून महागडे चष्मे गळ्यात मारले जातात, त्यांना मात्र अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचा दुजोरा नाही. डोळे कोरडे पडतात ते मुख्यतः पडद्यापुढे पापण्या कमी मिटल्याने.

अभ्यासाचं काय? २०१८मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, गोष्टींच्या बाबतीत कागद आणि पडदा यांत फरक दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फुकट आहे म्हणून छापील प्रत टाळण्यात शहाणपण नाही.

परदेशी नातेवाईक हा ठाणे-डोंबिवलीच्या घरांतला आणखी एक धडा. मामा अमेरिकेहून येताना ई-रीडर घेऊन येतो. तिथे स्वस्त मिळालेल्या यंत्राच्या बंद पडद्यावर बहुधा जाहिराती असतात, वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि खातं मामाच्याच नावाचं राहिलं तर पुस्तकांचं दुकानही तिकडचं उघडतं. भेट स्वीकारावी, पण खातं पहिल्या दिवशी इथलं करून घ्यावं. एकाच खात्यावर सगळं घर वाचत असेल तर वेगळीच गंमत होते. आजी पाचव्या प्रकरणावर असतात, नातू त्याच पुस्तकात पुढे गेलेला असतो, आणि यंत्र आजींना विचारतं, शेवटच्या वाचलेल्या पानावर जायचं का? त्या ‘हो’ म्हणतात आणि खुनी कोण ते कळतं. ही सोय सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येते.

खातं या गोष्टीकडे गंभीरपणे पाहायला हवं, कारण ई-पुस्तक बहुतेक वेळा विकत मिळत नाही, वाचायचा परवाना मिळतो. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. सरकारी पाळतीवरचं नेमकं तेच पुस्तक, यावर जगभर हसं झालं आणि कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये किंडलवर घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोय बंद झाली. छापील पुस्तक शेजाऱ्याला देता येतं, पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदानात बदलून घेता येतं, नातवाच्या नावे ठेवता येतं. परवान्याचं यातलं काहीच होत नाही. म्हणून या घराने ठरवलं ते असं: एकदा वाचून सोडायचं ते ई-रीडरवर, पुन्हापुन्हा उघडायचं ते कागदावर, मग माळा कितीही कण्हू दे.

आजींना पुढे दहा इंची टॅब आला. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला, पण मैत्रिणींच्या ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफांचा उरला. त्यांतल्या बऱ्याच फाइली आजच्या लेखकांच्या पुस्तकांच्या चोरीच्या प्रती असतात, आणि मराठीत आवृत्ती संपायला वर्षं लागतात तिथे अशी चोरी प्रकाशकाला जास्तच झोंबते. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११पासून सर्वांना खुलं आहे. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर युनिकोडमध्ये मिळतात. तिथे उतरवून घेताना पीडीएफऐवजी ईपब निवडावं, म्हणजे सहा इंची यंत्रावरही अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांची पुस्तकं २०६०च्या अखेरपर्यंत विकतच घ्यायची, नाहीतर वाचनालयातून आणायची.