मोटारीची किल्ली कोठें ठेवावी?

घरीं येतांच मोटारीची किल्ली दाराजवळील खुंटीस अडकविण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु जिच्या नुसत्या सान्निध्यानें मोटार उघडते, अशा बिनतारी किल्लीस ही जागा घातक होय. एक चोर मोटारीपाशीं व दुसरा दाराबाहेर यंत्र घेऊन उभा राहतो. तीं यंत्रें मोटारीचे व किल्लीचे क्षीण संदेश परस्परांस पोंचवितात. मोटार चोरीस जाते, किल्ली मात्र खुंटीवरच राहते!

धातूच्या बंदिस्त पेटींत बाहेरील विजेचा प्रभाव शिरत नाहीं, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३६ सालीं दाखविलें. रेडिओलहरीही तशाच अडतात. म्हणून किल्ली दारखिडक्यांपासून दूर, घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवावी. डबा घेऊन मोटारीपाशीं जावें; दार न उघडल्यास तो विश्वासार्ह समजावा. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग वडिलांसमवेत अवश्य करून पाहावा.