देवळालीचा ‘ळ’ आणि दुकानाचा पत्ता

एक कागद घ्या आणि त्यावर ‘देवळाली’ हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. आता त्यात ‘एल’ हे अक्षर किती वेळा आले ते मोजा. दोन वेळा आले ना? मूळ मराठी नावात मात्र एक ‘ळ’ आहे आणि एक ‘ल’. इंग्रजी लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षरच नाही, त्यामुळे दोघांनाही एकाच दावणीला बांधावे लागते.

तुम्ही म्हणाल, यात काय बिघडले? आमचे काय बिघडले ते सांगतो. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा येथे माझे एक नातेवाईक शेती करतात. त्यांच्या ठिबक संचाच्या गाळणीची जाळी फाटली, म्हणून मी ती फोनवरून, घरबसल्या मागवली. पत्ता लिहिताना गावाच्या नावाची पहिली चार अक्षरे उमटताच फोनने एक नाव आणि एक पिन कोड पुढे केला. मी घाईत ‘बरोबर’ म्हणून बोट टेकवले. जाळी गेली नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पला! ती परत फिरून यायला अकरा दिवस लागले. तोवर ऐन उन्हाळ्यात कांद्याला ठिबकऐवजी पाट काढून पाणी द्यावे लागले. चूक माझीच होती.

आपल्या राज्यात देवळाली एकच नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील देवळालीने प्रवरा नदीचे नाव आडनावासारखे मागे लावून घेतले आहे. नाशिकची देवळाली लष्करी छावणीमुळे प्रसिद्ध झाली. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे सैनिक कंटाळून चमत्कारिक वागू लागत. त्यावरून ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, असा शब्द इंग्रजी भाषेत रूढ झाला. त्यांच्या जिभेला ‘ळ’ काही वळला नाही, हे त्या शब्दावरूनच दिसते!

एकाच नावाच्या गावांचा घोटाळा टपाल खात्याला नवा नव्हता. तो मिटवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सहा अंकी पिन कोड सुरू झाला. त्याची योजना टपाल खात्यातील एका मराठी अधिकाऱ्याने आखली. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. हे गृहस्थ संस्कृत भाषेतील कवी आणि नाटककारही होते. देश निरनिराळ्या भाषांचा आणि लिपींचा. गावाचे नाव कोणी कसेही लिहो, अंक मात्र सर्वांना सारखेच वाचता येतात, हे या योजनेतील मर्म आहे. पिन कोडचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणारे टपाल कार्यालय सांगतात. देवळाली प्रवऱ्याचा पिन ४१३ ने सुरू होतो, नाशिकच्या देवळालीचा ४२२ ने. मी ते तीन अंक वाचले असते तर जाळी वेळेवर आली असती.

आता मुळाशी जाऊ या. हा ‘ळ’ आला कोठून? प्रथम ‘ल’ म्हणून पाहा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. आता ‘ळ’ म्हणा. टोक मागे वळते, टाळूच्या घुमटाला स्पर्श करते आणि झटकन पुढे येते. म्हणूनच ‘ळ’ हा ट, ठ, ड, ढ, ण यांच्या कुटुंबातला, म्हणजे मूर्धन्य वर्ण आहे.

हा वर्ण फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ईळे’ हे क्रियापद येते. तेथे दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो. पुढच्या काळातील संस्कृतात मात्र हा ‘ळ’ टिकला नाही. तेथे ‘ईडे’ असे रूप दिसते. म्हणूनच संस्कृत वर्णमालेत त्याला जागा नाही आणि आपल्या मराठी तक्त्यात तो ‘ह’ संपल्यावर, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या शेजारी बसलेला दिसतो.

संस्कृतात लोपलेला ‘ळ’ मराठीत भरभरून आहे, तो मात्र वेगळ्या वाटेने आला. ही वाट इतकी नियमित आहे की तिला भाषेतील एक नियमच म्हणता येईल. जुन्या शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ल’ असला, तर मराठीत त्याचा ‘ळ’ झाला. फल – फळ, बाल – बाळ, कमल – कमळ, नील – निळा. ‘देवकुल’ या शब्दातील ‘क’ गळाला आणि ‘ल’चा ‘ळ’ होऊन ‘देऊळ’ झाले. परंतु जेथे प्राकृतात जोड ‘ल्ल’ होता, तेथे मराठीत साधा ‘ल’ उरला. फुल्लचे फूल झाले. तैलचे प्राकृतात तेल्ल आणि मराठीत तेल झाले.

आता एक गंमत पाहा. संस्कृत ‘काल’ म्हणजे समय. त्याचा झाला ‘काळ’. आणि संस्कृत ‘कल्य’, प्राकृत ‘कल्ल’, याचा झाला आपला ‘काल’, म्हणजे आजच्या आदला दिवस. ‘मूल’चे ‘मूळ’ झाले. पण त्याच ‘मूल’पासून बनलेल्या ‘मूल्य’चे प्राकृतात ‘मोल्ल’ आणि मराठीत ‘मोल’ झाले. मूळ आणि मोल ही दोघे एकाच घरची. एकाला ‘ळ’ मिळाला, दुसऱ्याला ‘ल’. (जल, बल असे शब्द आपण संस्कृतातून जसेच्या तसे पुन्हा उचलले, म्हणून त्यांना हा नियम लावू नका.) एकही मराठी शब्द ‘ळ’ने का सुरू होत नाही, हेही आता उमगले असेल. शब्दाच्या आरंभी असलेला ‘ल’ दोन स्वरांच्या मध्ये सापडणार कसा?

गुजरातीत, ओडियात, दक्षिणेच्या भाषांत ‘ळ’ आहे. प्रमाण हिंदीत नाही. म्हणून आपल्या देवळालीचे हिंदीत सहज ‘देवलाली’ होऊन जाते. माणसाला त्याने अडत नाही. संगणकाला अडते, कारण त्याला ना आवाज ऐकू येतो, ना आकार दिसतो. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. आपल्याकडे तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेताच्या आधारे १९९१ सालच्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतात देवनागरी अक्षरांना क्रमांक मिळाले. त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४ आहे आणि ‘ळ’चा २३५५. तक्त्यात दूर बसवलेला ‘ळ’ येथे शेवटी ‘ल’च्या शेजारी आला. शेजारी असला तरी क्रमांक निराळा, म्हणून ‘देवळाली’ आणि ‘देवलाली’ ही संगणकाला दोन वेगळी नावे.

येथपर्यंत आपण एक प्रकार पाहिला. अक्षरे दोन, पण परक्या लिपीत ती एक झाली आणि पार्सल चुकले. याच्या उलटही घडते. अक्षरे वेगळी, पण डोळ्यांना ती एकच दिसतात. असे झाले म्हणजे पार्सल नव्हे, पैसेच चुकीच्या घरी जातात.

पुन्हा त्या इंग्रजी ‘एल’कडे वळू. त्याचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातील सेमिटिक लिपींमधील ‘लामेद’ हे अक्षर. लामेदचा अर्थ बैल हाकण्याची काठी, म्हणजे आपल्या शेतकऱ्याची पराणी असा सांगतात. अक्षराचा आकारही टोकाशी वळलेल्या काठीचा होता. फिनिशियन लोकांकडून ते ग्रीकांकडे गेले, तेथे त्याचे नाव ‘लॅम्डा’ झाले, आणि रोमन लोकांपर्यंत पोचता पोचता त्याला उभी काठी व पायाशी आडवी रेघ असे आजचे मोठ्या ‘एल’चे रूप आले. पुढे हाताने पोथ्या लिहिणाऱ्यांनी वेगाच्या सोयीसाठी ती पायाची रेघ आखडली. उरली नुसती उभी काठी, म्हणजे आपला लहान ‘एल’.

मोठा ‘आय’ही उभी रेघच आहे. पण त्याचा पूर्वज ‘योद’ म्हणजे हात. ग्रीकांनी त्याचा ‘आयोटा’ केला आणि हाताची सारी वळणे गाळून एक रेघ ठेवली. आणि इंग्रजी ‘एक’ हा आकडा? तो तर आपल्याकडचा. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात एक हा आकडा आडव्या रेघेने दाखवला आहे. भारतातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात जाईपर्यंत ती रेघ उभी राहिली. पराणी, हात आणि आकडा, तिघांची कुळे निराळी. पण झिजत झिजत तिघेही एकाच काठीसारखे झाले! अनेक जुन्या इंग्रजी टंकलेखन यंत्रांवर तर एक या आकड्याची कळच नसे. त्याऐवजी लहान ‘एल’ची कळ दाबत. घरातील एखाद्या आजोबांना विचारून पाहा.

कागदावर हे चालून गेले. संगणकात मात्र लहान ‘एल’ १०८ वा, मोठा ‘आय’ ७३ वा आणि एकचा आकडा ४९ वा आहे. ठग याचाच फायदा घेतो. समजा, एखाद्या नावाजलेल्या दुकानाच्या नावात ‘एल’ आहे. ठग त्या जागी ‘आय’ घालून नवे नाव नोंदवतो आणि तुमच्या आईच्या फोनवर निरोप पाठवतो : “पत्ता अपुरा आहे, येथे बोट लावून पाच रुपये भरा.” निरोपात त्याने ‘आय’ मोठ्या लिपीत लिहिलेला असतो. डोळ्यांना तो ‘एल’च वाटतो.

हा डाव उघडा पाडणारा एक साधा गुण इंटरनेटवरील पत्त्यांत आहे. या पत्त्यांत लहान-मोठ्या लिपीचा भेद मानत नाहीत आणि ब्राउझर आपल्या पत्त्याच्या चौकटीत सारी अक्षरे लहान करून दाखवतो. लहान ‘आय’च्या डोक्यावर टिंब असते, ‘एल’च्या नसते. तुमच्या ओळखीच्या एखाद्या संकेतस्थळाचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत टंकून पाहा. पान उघडताच अक्षरे लहान झालेली दिसतील. हा प्रयोग स्वतः टंकलेल्या नावावरच करा, निरोपातून आलेल्या दुव्यावर नको.

काही जुळे याहून फसवे असतात. रशियन लिपीतील ‘आ’ हे अक्षर (क्रमांक १०७२) आणि इंग्रजी लहान ‘ए’ (क्रमांक ९७) यांच्या आकारात तसूभरही फरक नाही. इस्राएलमधील टेक्निऑन या संस्थेतील गॅब्रिलोविच आणि गॉन्टमाखर या दोघांनी २००२ साली हा धोका जगापुढे मांडला. एका प्रसिद्ध कंपनीच्या नावात रशियन अक्षरे मिसळून ते नाव त्यांनी स्वतः नोंदवून दाखवले होते. तेव्हापासून ब्राउझर सावध झाले आहेत. संशयास्पद मिसळण दिसली तर ते नाव न दाखवता ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारा संकेत दाखवतात. असा संकेत दिसला आणि तुम्ही इंग्रजी नावाच्या दुकानात जात होता, तर तेथूनच मागे फिरा. मराठीत नोंदवलेल्या पत्त्यांचाही संकेत असाच असतो (‘.भारत’ असे शेपूट असलेले पत्ते २०१४ पासून मिळू लागले), तेव्हा तो संकेत म्हणजे लबाडी असे मात्र समजू नका.

पत्ता वाचायचा तो शेवटाकडून. ‘मोठेदुकान.सवलत.कॉम’ असा पत्ता असेल, तर त्याचा मालक ‘मोठेदुकान’ नव्हे, ‘सवलत’ आहे. शेवटच्या शेपटाच्या लगेच अलीकडे जे नाव असते, ते मालकाचे. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो. शेजारी दिसणारे कुलपाचे चित्र एवढेच सांगते की तुमचे आणि दुकानाचे बोलणे वाटेत कोणी ऐकत नाही. दुकानदार सज्जन आहे की नाही, हे कुलपाला कसे कळणार?

दुकान खरे वाटले तरी विकणाऱ्याचे नाव आणि पत्ता शोधा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते देणे बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असेही त्यात म्हटले आहे. दुकान दाद देत नसेल तर १९१५ हा ग्राहक मदतीचा क्रमांक आहे. पैसेच लुबाडले गेले असतील तर वेळ न दवडता १९३० फिरवावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत अधिक असते. आणि दोन ‘पिन’मध्ये गल्लत नको. पोस्टाचा पिन खुशाल सर्वांना सांगा, पैशाचा पिन कोणालाही नाही. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. “परतावा पाठवतो, पिन टाका” असे कोणी म्हणाले तर तो पैसे देणारा नसून नेणारा आहे, हे ओळखा.

आता तुमच्यासाठी काम. घरातील जुन्या पार्सलांवरचे कागद गोळा करा आणि त्यांवर इंग्रजीत छापलेल्या गावांच्या नावांतील कोणता ‘एल’ हा ‘ळ’ आहे आणि कोणता ‘ल’ ते ओळखा. लोणावळ्यात दोन्ही सापडतील. तुमच्या गावाच्या नावाचे दुसरे गाव महाराष्ट्रात असेल तर दोघांचे पिन कोड शोधून आम्हांला कळवा. पत्रावर तुमचा स्वतःचा पिन कोड लिहायला विसरू नका!