प्लग न काढता मारलेला सेल्फ

तेलाचा लाल दिवा लागला तेव्हा मी नीरा-देवघर धरणाच्या कडेने भोरकडे निघालो होतो. गाडी बाजूला घेतली, बंद केली, जरा थांबून डिपस्टिक काढली. तेल कमी असणार, असंच वाटत होतं. निघालं उलटंच. तेल खुणेच्या बोटभर वर होतं. आदल्या दिवशी मीच नवीन भरलं होतं, खुणेपर्यंत, तीनदा पुसून बघून. न घालता तेल वाढेल कसं? चिमटीत घेतलं तर पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं आणि पोटात खड्डा पडला. पेट्रोलचा वास.

मेकॅनिकला फोन लावला. म्हणाला, "दादा, जुन्या गाडीचा दिवा लागतोच. टेन्शन घेऊ नका, हळूहळू या." त्याला तेल वाढल्याचं सांगितलं, वासाचं सांगितलं. तरी तेच, हळूहळू या. तीन किलोमीटरवर खालून खट-खट सुरू झाली. फियाटचं इंजिन ज्यानं ऐकलंय त्याला ती खट-खट समजावून सांगावी लागत नाही.

आता भावकीत बोललं जातं की मी घाई केली, आमच्या आण्णांची गाडी घालवली. म्हणून हे लिहितोय. घाई मी केली नव्हती.

आण्णांनी मुंबईत अठ्ठावीस वर्षं टॅक्सी चालवली. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, पण त्यांच्या तोंडी ती कायम फियाटच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा शेवट झाल्याची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा ते जेवता जेवता थांबले. दोन दिवसांनी म्हणाले, "आपली चालू कर." आपली म्हणजे गोठ्याशेजारच्या पडवीतली, १९८२ ची. अकरा पावसाळे जागची हललेली नव्हती. आणि पावसाळे हिर्डोशीचे. जिथं पेटीतल्या कपड्यांना बुरशी येते, तिथं बिडाच्या ब्लॉकचं काय होत असेल! इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. ओल तिथून सरळ आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजून धरतात.

हे आण्णांना ठाऊक होतं. मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, तेव्हा ते ओट्यावरून म्हणाले, "आधी प्लग काढ रे बाबा. आत तेल सोड. दोन दिवस मुरू दे." त्यानं वळूनही पाहिलं नाही. "बाबा, आता असं कोणी करत नाही," एवढं म्हणाला आणि पिकअपच्या बॅटरीची वायर जोडून सेल्फ मारला. ठक. इंजिन जाम. परत मारला, परत ठक. मग दोर बांधला, दुसरा गिअर टाकला आणि पिकअपनं गाडी ओढली. चाकं चिखलात घासत गेली, मग आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन फिरलं. चालूही झालं. निळा धूर निघाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. आण्णा आत निघून गेले. त्या माणसाचं बाकी सगळं मी विसरेन, अठ्ठावीस वर्षं त्याच इंजिनावर पोट भरलेल्या माणसाला दिलेलं ते उत्तर विसरणार नाही.

पुण्यात इंजिन खोललं तेव्हा तीन नंबरच्या सिलिंडरला गंजाचा गोल पट्टा आणि पिस्टनच्या दोन रिंगा तुटलेल्या निघाल्या. हा दोराचा पराक्रम. वाटेत खट-खट करून बेरिंग गेली ती वेगळ्या कारणानं. ब्लॉकच्या बाजूला पेट्रोलचा पंप असतो, मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला होता. असा पडदा फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं तसंच खाली चेंबरमध्येही गळतं, तेल पातळ होतं आणि क्रँक कोरडी घासते. जुना रबर कडक झालेला होताच, त्यात आताचं पेट्रोल वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. १९८२ चे पडदे आणि नळ्या त्यासाठी केलेल्याच नाहीत.

तेव्हा कोणाच्या पडवीत अशी गाडी असेल तर पहिल्या दिवशी चावीला हात लावू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ तेल आणि डिझेल सोडा, तीन-चार दिवस थांबा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, परत तेल सोडा. आमच्याकडे चार दिवसांनी होणारं काम त्या माणसानं चार मिनिटांत केलं. हातानं दोन पूर्ण फेरे सहज झाले की जुनं तेल सोडून नवं भरा आणि प्लग लावायच्या आधी सेल्फवर फिरवा, म्हणजे तेल वरपर्यंत पोचेल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याला वॉर्निशसारखा वास येतो. पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या बदला, चांगल्या दिसल्या तरी. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घर असतंच, बघा. ब्रेक आधी, रस्ता नंतर. वाळूची बादली जवळ ठेवा. मेकॅनिकला पैसे एकदम देऊ नका. आणि चालू झाल्यावर दर दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून तिचा वास घ्या. तेल वाढलेलं दिसलं तर गाडी तिथेच सोडा, बैलानं ओढून आणावी लागली तरी चालेल.

'व्हिंटेजमध्ये नोंदवा' असंही बरेच जण सांगतात. तो २०२१ चा नियम पन्नास वर्षं पुऱ्या झालेल्या गाड्यांना आहे. बाकीच्यांना नेहमीचंच, फिटनेस करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण.

ब्लॉक बोअरला दिलाय, क्रँक ग्राइंडिंगला. १०८९ सीसीच्या इंजिनाचे ओव्हरसाइझ पिस्टन मिळवायला नाना पेठेत तीन चकरा झाल्या, चौथ्यांदा मिळाले. आण्णा रोज फोनवर विचारतात, कुठवर आलं. दोराविषयी मला एकदाही बोलले नाहीत.

परवा त्या मेकॅनिकचा फोन आला होता, राहिलेले पैसे मागायला. मी त्याला फाटक्या पडद्याचा आणि तुटक्या रिंगांचा फोटो पाठवला. त्यानं पाहिलाय. उत्तर आलेलं नाही.