गिऱ्हाईक जरा बावळट हवं

सूनबाई, पोरगी अडीच वर्षांची झाली तरी हवं तेवढं बोलत नाही, म्हणून तू दिवसभर तिची परीक्षा घेतेस. हा कुठला रंग, हे कुठलं फळ, सांग बघू. तिला पक्कं ठाऊक असतं की उत्तर तुला येतंय. मग ती कशाला तोंड उघडेल?

त्यापेक्षा तिच्या दुकानावर जा. ओटीवर तीन करवंट्या मांडून दे. एकीत रेती, एकीत चिंचोके, एकीत काहीच नाही. पैशाला आंब्याची पानं. दुकानदार ती, गिऱ्हाईक तू, आणि गिऱ्हाईक जरा बावळट हवं. ‘सोडे आहेत का गो?’ एवढं विचार आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोज. हे गप्प राहणं आपल्या घरात कुणाला जमत नाही. तुझे सासरे तर पोरीचा शब्द बाहेर पडायच्या आत सौदा उरकून मोकळे होतात. ती ‘नाय’ म्हणाली, तर ‘संपले सोडे? मग दुसरं काय आहे?’ म्हण. ‘सोये’ म्हणाली तर चूक काढू नकोस. ‘हां, सोडे! कालवणाला सोडे द्या’ एवढंच. बरोबर शब्द तिच्या कानावर पडला, पुरे.

पाट ओळीने मांडले की एसटी. कंडक्टर तीच. तू मुद्दाम चुकीच्या गाडीत चढ. ‘ही माणगावला जाते ना?’ गाडी महाडची असली की ती तुला ओरडून खाली उतरवेल, आणि रागात पोरं लांब वाक्यं बोलतात. पाटाची बोट करायची असली तर तीही करा. आपल्या दासगावच्या बंदरात मुंबईच्या बोटी लागायच्या. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहासाठी बोटीनं इथंच उतरले आणि मग महाडला गेले. तिच्या थोरल्या भावाला हे सांग. मग बोटीत कोण कोण बसलं ते तोच धाकटीला विचारत बसेल.

एक जपायचं. सावित्री नदीकाठचं पोर कधीतरी ‘पूर आला, पळा’ खेळणारच. २००५ ची दरड आणि २०२१ चा पूर घराघरात बोलला जातो, ते पोरांच्या कानी पडतं. ‘असलं अभद्र खेळू नये’ म्हणून दटावू नकोस. ‘आता कुठं जायचं? बरोबर काय घ्यायचं?’ असं विचार. भीती बोलून दाखवायची तिला तेवढीच वाट आहे.

विकतची खेळणी मागवू नकोस. बोलणाऱ्या बाहुलीपुढं पोर मुकं होतं, हे माझं मत. तुला पटलं नाही तरी चालेल. पण विकतच्यावाचून काही अडत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि आजूबाजूला मिळेल त्यातूनच साधनं केली.

हे सगळं करूनही दोन शब्द जोडून ती बोलत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘हिचा बाप पण उशिरा बोलला’ हे माझं म्हणणंसुद्धा ऐकू नकोस. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा कान तपासून घे. पथक यायला वेळ असेल तर थांबू नकोस, सरळ महाडच्या सरकारी दवाखान्यात ने.