अत्तिबेलेचा नाका

प्रास्ताविक

तुमच्यापैकी अनेक जण नोकरीधंद्यासाठी रोज बसने किंवा रेल्वेने प्रवास करीत असतील. घर एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी, ही आज सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. परंतु घर एका राज्यात आणि काम दुसऱ्या राज्यात असेल तर? अशा माणसाला रोज दोनदा सीमा ओलांडावी लागते. बेंगळूरु शहराच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर होसूर हे तमिळनाडूतील औद्योगिक गाव आहे. तेथून कर्नाटकात कामाला येणाऱ्या एका मराठी भाषक नोकरदाराचे जीवन व त्याचे विचार या पाठात मांडले आहेत. पाठ वाचताना त्याची कोणती मते तुम्हांला पटतात आणि कोणती पटत नाहीत, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

सकाळी साडेसहाला होसूरच्या बसस्थानकावर गर्दी असते. डबा खांद्याच्या पिशवीत आणि ओळखपत्र गळ्यात, अशा या गर्दीत एक पन्नाशीचे गृहस्थ उभे असतात. ते बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. मूळचे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे. कामासाठी बेंगळूरुला आले, लग्न झाले, आणि घरभाडे परवडेना म्हणून होसूरला राहू लागले. बस जुजुवाडी मागे टाकते आणि अत्तिबेलेच्या नाक्याशी येते. दुकानांच्या पाट्यांवरील तमिळ अक्षरे संपून कन्नड अक्षरे सुरू होतात. बसमधील पेंगणाऱ्या माणसांपैकी कोणी मान वर करून ती पाहतही नाही.

हा नाका एकेकाळी फार बोलका होता. विक्रीकराच्या तपासणीसाठी मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागत आणि त्यांच्यामागे बस अडकून पडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विक्रीकराची ती तपासणी बंद झाली. “सरकारने मनात आणले तर सीमा अशी विरघळते,” असे ते म्हणतात. मात्र तीच सीमा एका रात्रीत कशी उभी राहते, हेही त्यांनी पाहिले आहे.

१२ सप्टेंबर २०१६ रोजी कावेरीच्या पाण्यावरून बेंगळूरुत हिंसाचार उसळला. तमिळनाडूच्या बसगाड्या जाळण्यात आल्या आणि दोन्ही राज्यांतील वाहतूक थांबली. त्यानंतरच्या दिवसांत शेकडो माणसे अत्तिबेलेपर्यंत एका वाहनाने येत, सीमा पायी ओलांडत आणि पलीकडे दुसरे वाहन शोधत. त्यांत हे गृहस्थही होते. डोक्यावर सामान घेतलेल्या बायका, झोपलेले मूल छातीशी धरलेला बाप, आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले पोलीस. ज्या नदीवरून हे सारे घडले, ती तेथून बरीच दूर वाहते. २०२० सालच्या टाळेबंदीत तर पायी जाण्याचीही सोय उरली नाही. ई-पास असल्याखेरीज पलीकडे जाता येईना. घरापासून कारखाना बसने तासाभराच्या आत, तरीही त्यांचा पगार काही आठवडे बुडाला.

त्यांचे बालपण एका सीमेवर गेले आणि संसार दुसऱ्या सीमेवर चालला आहे. त्यामुळे त्यांच्या मतांना वजन येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ साली दिलेला अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही. ८६५ गावांवरील महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यांच्या घरी १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जाई. शेताचा उतारा कन्नडमध्ये येई. त्यांच्या आईला मराठी वाचता येत असे, पण स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येत नसे. तो कागद पदराखाली धरून ती मास्तरांच्या घरी जाई. त्या वयात त्यांनी मनाशी ठरवले होते, की कन्नडचे एक अक्षरही शिकायचे नाही. शाळेत तो विषय असल्याने परीक्षेपुरते शिकले आणि विसरले.

बेंगळूरुत आल्यावर हा हट्ट टिकला नाही. कारखान्यातील ज्या वयस्क कामगाराने त्यांना यंत्राची दुरुस्ती शिकवली, त्याला कन्नडखेरीज काही येत नव्हते. पहिल्या सहा महिन्यांत ते जेवढे कन्नड शिकले, तेवढे शाळेच्या सगळ्या वर्षांत शिकले नव्हते. ती भाषा आपण वाटते तितकी परकी नाही, हेही त्यांना तेथेच उमगले. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द मराठीत कन्नडमधून आले, असे आपली व्याकरणाची पुस्तके सांगतात. ज्या भाषेवर रागवायचे, त्याच भाषेतील शब्दाने थोरल्या बहिणीला हाक मारायची, असा तो प्रकार होता.

तरीही आईचे दुःख खोटे होते, असे ते कधीही म्हणत नाहीत. येथे त्यांचे मत नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या हक्काचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, ही मागणी त्यांना आजही न्याय्य वाटते. मात्र त्यासाठी दुसऱ्याच्या भाषेचा द्वेष करावा लागतो, हे त्यांना मान्य नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून एका बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांतील बससेवा विस्कळीत झाली, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाशी फोनवर त्यांचा कडाक्याचा वाद झाला. भाऊ म्हणाला, “तू बेंगळूरुला जाऊन बदललास.” ते म्हणाले, “दादा, वाहक पोटासाठी फिरतो, मीही पोटासाठीच फिरतो.” या वादात कोणीच हरले नाही, आणि भावाचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असेही म्हणता येत नाही. जो गावात राहिला, त्याला रोजच्या अपमानाची झळ अधिक लागते.

होसूरमध्ये त्यांना या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. या भागात तेलुगू व कन्नड भाषकांची संख्या मोठी आहे. राज्यरचनेत हा तालुका मद्रास राज्यात राहिला. तमिळनाडूने २००६ साली कायदा करून शाळांत तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. त्यांच्या शेजारचे कन्नड भाषक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच. शेजारीण एकदा म्हणाली, “आमच्या मुलांना आमची भाषा लिहिता येईना, आणि सरकारी कागद आम्हांला वाचता येईना.” तिचे बोलणे ऐकून ते काही क्षण गप्प राहिले. आईचेच शब्द ते ऐकत होते, पण कन्नडमध्ये. बेळगावात ज्यांच्याविषयी तक्रार होती, त्यांच्याच भाषेतून तीच तक्रार येथे ऐकू येत होती. पुढे २०१५ साली कर्नाटकानेही शाळांतील कन्नडसंबंधी असाच कायदा केला.

त्यांची मुलगी होसूरच्या शाळेत नववीत शिकते. घरी मराठी, शाळेत तमिळ व इंग्रजी, अंगणात कन्नड आणि तेलुगू. रविवारी ते तिच्याकडून मराठी वाचून घेतात. ती कंटाळते, पण वाचते. तिला अभियंता व्हायचे आहे, आणि सध्या या घरातील खरी काळजी ती हीच आहे.

महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी विद्यार्थी कोणत्या राज्याचा, हे ठरवावे लागते. तमिळनाडूत आठवी ते बारावी शिकलेला विद्यार्थी तेथला मानला जातो. कर्नाटकात सर्वसाधारणपणे ७ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. महाराष्ट्राने वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची सोय ठेवली आहे, पण त्यासाठी शिक्षण त्या भागातील संस्थेत झालेले असावे लागते. मुलीने तर खानापूर सुट्टीपुरतेच पाहिले आहे. तमिळनाडूतच राहावे, तर तिला बेंगळूरुतील महाविद्यालय हवे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्रपर्यंत मेट्रो आली. त्यामुळे कारखान्याजवळ घर घेतले, तर ती शहरात सहज ये-जा करू शकेल. ही मेट्रो होसूरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव तमिळनाडूने मांडला होता. कर्नाटकात त्याला विरोधही झाला. तिची वाट पाहण्याइतका वेळ या कुटुंबाजवळ नाही.

पाळी संपल्यावर एका सहकाऱ्याने त्यांना कर्नाटकातील नियमांचे आणखी एक कलम दाखवले. आई किंवा वडील यांपैकी एकाचे किमान ७ वर्षे शिक्षण कर्नाटकात झाले असेल आणि मुलाने अकरावी-बारावी तेथे केली असेल, तर त्यालाही पात्र धरले जाते. त्यांनी ते कलम दोनदा वाचले. खानापूरची ती मराठी शाळा, जिच्या भिंतीवर लहानपणी त्यांनी कोळशाने ‘महाराष्ट्र’ असे लिहिले होते, ती कागदोपत्री कर्नाटकातच होती.

त्या संध्याकाळी अत्तिबेलेच्या नाक्यावर बस अडकली असता त्यांनी भावाला फोन लावला. फेब्रुवारीनंतर दोघांचे फारसे बोलणे झालेले नव्हते.

“दादा, माझ्या शाळेचा दाखला काढून ठेवशील का? पहिलीपासूनचा हवा.”

“कशाला रे आता?”

त्यांनी कारण सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाऊ म्हणाला, “उद्या मुख्याध्यापकांना भेटतो. पोरीला सांग, काका दाखला घेऊन स्वतः येतोय.”

शब्दार्थ

पाळी – कामाची ठरावीक वेळ
टाळेबंदी – संचार व व्यवहारांवरील सरकारी बंदी
उतारा – जमिनीच्या नोंदीचा अधिकृत कागद
झळ लागणे – त्रास सोसावा लागणे
बसवाहक – बसमध्ये तिकिटे देणारा कर्मचारी

पाठगत प्रश्न

१. ‘आईचेच शब्द ते ऐकत होते, पण कन्नडमध्ये,’ असे लेखात का म्हटले आहे?
२. दोन भावांच्या वादात तुम्हांला कोणाचे म्हणणे अधिक पटते? कारणे देऊन आठ ते दहा ओळी लिहा.
३. तुमच्या बोलण्यातील, शेजारच्या भाषेतून आलेले पाच शब्द शोधा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.