शिधापत्रिकेवरील धान्य व आमची ज्वारी

किराणा महागला की सरकारने धान्य फुकट द्यावे किंवा नाही, हा वाद निघतोच. अशा धान्याने आमच्या मालाचा भाव पडतो, असे कित्येक शेतकरी बंधू म्हणतात. आम्हांस ते सर्वस्वी मान्य नाही. सोलापुरास अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा मजूर हाच आमचे गिऱ्हाईक होय. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. पाच माणसांच्या घरास 25 किलो झाले. डाळ, तेल, मिरची बाजारातूनच. त्यात शहरी कुटुंबास वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली ती 59,000 रुपयांची, म्हणजे महिना पाच हजारही नव्हे!

त्याहून मोठी उणीव धान्याच्या निवडीत आहे. दुकानात येतो बहुधा गहू-तांदूळ. सोलापूरकरास हवी भाकरी. भरड धान्याची सोय कायद्यात आहेच. 2025-26 च्या हंगामास मालदांडी ज्वारीचा आधारभाव क्विंटलास 3,749 रुपये ठरला. त्या भावाने मंगळवेढे-मोहोळकडील ज्वारी घेऊन सरकारने ती याच शहरात वाटावी, असे आमचे मत आहे. मात्र ओलसर ज्वारीस पोत्यात लवकर कीड लागते. याकरिता दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवावा, खडे-माती काढावी, मगच पोती भरावीत.