डिस्क आधी ओळख, मग उघड

पोरी, शेवगावात सेवा केंद्र टाकलंस, फार बरं वाटलं. आता पीक विम्याचे कागद, लग्नाचे व्हिडिओ, राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, सगळं तुझ्या टेबलावर येणार. तू भारी घाईची, म्हणून चार गोष्टी सांगतो.

१. विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करा’ म्हणालं की आधी ‘कॅन्सल’ दाब – त्याला ती वाचता येत नाही, एवढंच खरं. लिनक्सची भरलेली एक्स्ट४ डिस्क लावली तरी ते हेच म्हणतं. घडीचा फॉरमॅट, वर्षाचा पस्तावा.

२. वरच्या स्टिकरवर जाऊ नकोस – एनटीएफएस आणि एक्सफॅट हे डिस्कचे फॉरमॅट आपलं नाव चौथ्या बाइटपासून लिहून ठेवतात, एक्स्ट४ची खूण पहिले १०२४ बाइट सोडून पुढे असते. यंत्रणा ओळखते ती या खुणांवरून.

३. लिनक्सवर आधी ‘एलएसबीएलके -एफ’ चालव – डिस्क न उघडताच तिचा प्रकार आणि यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, दिसतो.

४. अनोळखी डिस्क ‘रीड-ओन्ली’ माउंट कर – बिघडलेल्या डिस्कवर नवं लिहिलं की जुनं हाती लागणं अवघड.

५. कायमच्या डिस्कसाठी ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये यूयूआयडीच लिही – लिनक्सने दिलेलं नाव ‘एसडीबी’चं ‘एसडीसी’ कधीही होतं, पण जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तरी सातबाऱ्यावरचा गट नंबर तोच राहिला, तसा हा राहतो. शेजारी ‘नोफेल’ही टाक – डिस्क लावलेली नसली तरी मशीन सुरू व्हायचं अडत नाही.

६. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असतील, तर विंडोज शिफ्ट दाबून शटडाउन कर – ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते अर्धवटच बंद होतं, मग लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं.

७. लग्नाच्या व्हिडिओला एक्सफॅटचा पेनड्राइव्ह दे – फॅट३२ला ४ जीबीची फाइल पेलत नाही, आणि एनटीएफएस मॅकवर वाचता येतं, लिहिता येत नाही.

८. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नकोस – लिखाण आधी मेमरीत थांबतं, डिस्कवर मागाहून उतरतं. लाइट न सांगता जाते, आपण सांगून काढावं.

९. फॉरमॅट करावंच लागलं, तर आधी दुसरीकडे कॉपी घे, ती उघडून बघ आणि मालकाला समोर बसवून विचार – डिस्क नवी मिळते, आजीचा फोटो मिळत नाही.

तुझा मामा